आपले काम आपणच गाळायचे?



कायद्याची पदवी घेतलेल्या मुली लॉ फर्मला पाठवायचा अर्ज आम्हाला दाखवायला आणतात. स्वतःविषयीच्या निवेदनात बहुतेकींनी ‘मी मेहनती, प्रामाणिक आहे’ एवढेच लिहिलेले असते. पोटगीच्या दाव्यात बाईचे म्हणणे ऐकून प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला, हे मात्र ‘साधेच काम’ म्हणून गाळलेले!

विशेषणे कुणीही लिहील. तुम्ही काय केलेत, त्यातून काय शिकलात, याच फर्ममध्ये का यायचे आहे, ते लिहा. अशिलाची ओळख तेवढी उघड करू नका. बाळंतपणात गेलेल्या वर्षांबद्दल माफीही मागू नका.

केवळ स्त्री म्हणून वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, हे १९२३च्या कायद्याने मान्य केले. तो दरवाजा उघडल्यावर आपणच उंबऱ्यावर संकोचून का उभे राहायचे?