आवृत्ति आणि मुद्रण

ग्रंथव्यवहारांत 'आवृत्ति' ह्या शब्दास आपण दुहेरी कामास जुंपलें आहे. ग्रंथकर्त्यानें मजकूर शोधून, वाढवून पुनः प्रसिद्ध केला तर ती दुसरी आवृत्ति. आणि पहिल्या प्रती संपल्या म्हणून तेंच पुस्तक जसेंच्या तसें छापलें, तरी कित्येक प्रकाशक तीही दुसरी आवृत्तीच म्हणतात. धातु पाहिला तर ह्यांत नवल नाहीं. आ-पूर्वक 'वृत्' म्हणजे परत फिरणें. हिंदींत रूढ असलेला 'संस्करण' हा शब्द मात्र सुधारणेची अपेक्षा धरतो.

ग्रंथपालास हा भेद संदिग्ध ठेवून चालत नाहीं. एकाच जुळणीवरून एकाच प्रकाशकानें काढलेल्या प्रती, मग त्या कितीही वेळां छापल्या असोत, एकाच आवृत्तीच्या, असा सूचीशास्त्राचा सामान्य दंडक आहे. त्यामुळें प्रत्येक मुद्रणास स्वतंत्र नोंद करण्याचे श्रम वांचतात. परंतु साल लिहितांना सावधगिरी हवी.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. पहिली आवृत्ति १८३१ ची. पुष्कळ वाढविलेली दुसरी १८५७ ची. ह्या दुसरीचें पुनर्मुद्रण पुण्याच्या शुभदा-सारस्वतनें १९७५ सालीं केलें. प्रकाशक निराळा, म्हणून नोंदही निराळी होईल. पण तींत केवळ १९७५ हा आंकडा घातला, तर एखादा विद्यार्थी त्यांतील शब्दार्थ १९७५ च्या मराठीचे समजेल आणि ११८ वर्षांनीं चुकेल. मुद्रणाचें साल आणि मूळ आवृत्तीचें साल, दोन्ही नोंदींत असलींच पाहिजेत.

उलटपक्षीं, एका आवृत्तीच्या, किंबहुना एकाच मुद्रणाच्या, सर्व प्रती तंतोतंत सारख्या असतात हेंही गृहीत धरूं नये. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा संग्रह छापतांना चुका छपाई चालूं असतांच दुरुस्त होत, आणि आधींचे सदोष कागदही बांधणींत जात. चार्ल्टन हिन्मन ह्यांनीं वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयांतील अनेक प्रती ताडून हें सारें उलगडलें व १९६३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. त्या ग्रंथालयाजवळ ह्या संग्रहाच्या ८२ प्रती आहेत. 'एक असतां दुसरी कशास?' असें तेथें कोणी म्हटलें असतें, तर ताडून पाहण्यास कांहीं उरलें नसतें.

हा प्रश्न आपल्या घरांतील कपाटापाशींही येतो. थोरल्यांच्या पश्चात् पुस्तकांची वांटणी होते, नवी प्रत ठेवून जुनी रद्दींत जाते. तसें करण्यापूर्वीं दोन्हींचें मुखपृष्ठामागील पान उघडावें. तेथें 'आवृत्ति' आहे कीं 'पुनर्मुद्रण', प्रस्तावना कोणत्या सालची, पृष्ठसंख्या तीच आहे काय, हें पाहावें. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत त्याच पानावर आंकड्यांची एक ओळ असते. तींतील सर्वांत लहान आंकडा हा मुद्रणाचा क्रमांक होय.

घरांतील मुलांकडून एका वहींत एवढें लिहवून घ्यावें. ज्या प्रतीस आपण दुबार म्हणतों, ती खरोखरच दुबार आहे कीं नाहीं, हें मग अंदाजानें ठरवावें लागणार नाहीं.