शब्दांची वंशावळ : मान्सून

मंडळी, जूनमध्ये तिकडे ‘मान्सून केरळात दाखल’ असा मथळा झळकतो, तेव्हा इथे दुबई-शारजात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. पावसाचा पत्ता नाही. गंमत अशी, की त्या पावसाच्या इंग्रजी नावाचं मूळ मात्र अरबी आहे!

मूळ शब्द ‘मौसिम’. त्याचा अर्थ पाऊस नव्हे. नेमलेली वेळ, हंगाम. हजचा मौसिम, खजुराचा मौसिम. धातूचा अर्थ खूण करणे. उंटाला मालकीचा डाग देतात तो ‘वस्म’, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पहिल्या सरींचा जो काळ इथे मानतात, त्यालाही ‘वस्म’च म्हणतात. आपली दिवाळी बहुतेकदा या वस्मातच येते.

दर्यावर्द्यांसाठी मौसिम म्हणजे गलबत हाकारण्याचा काळ. १५व्या शतकातला नावाडी अहमद इब्न माजिद जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा. समुद्रप्रवासाचे हे मोसम त्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा दर्यात लोटतात, तोही मोसमच की!

पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि १६व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. वेळेचं नाव वाऱ्याला मिळालं, वाऱ्याचं पावसाला. मराठीत तोच शब्द ‘मोसम’ होऊन राहिला. म्हणजे ‘मान्सूनचा मोसम’ म्हणताना आपण एकाच पाहुण्याला दोनदा हाक मारतो.

शिडाच्या गलबताचा मोसम चुकला, की पुढच्या मोसमापर्यंत बंदरातच मुक्काम. आता तीन तासांत मुंबई गाठता येते. तरी आपलं जाणं शाळेची सुट्टी, रजा आणि तिकिटाचे दर यांना बांधलेलंच. जुलै-ऑगस्ट हुकला, की आजीला नातवंडं वर्षभर फक्त व्हिडिओ कॉलवर दिसतात. ‘यंदा कधी येताय?’ हा तिचा प्रश्न मोसमाचाच असतो.

मुलांना मान्सून समजावताना ढगांच्या आधी हा अर्थ सांगा : जाण्यायेण्याची ठरलेली वेळ. आणि जमलं तर आजच आजीला तारीख कळवून टाका.