विश्लेषण : बेसबॉलमधील सर्वांत महागडा मॅनेजर शिकागोने नेला, तरी पुढे मिलवॉकीच कसे?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा २०२५ चा हंगाम संपला आणि ३० पैकी नऊ संघांना मॅनेजर नेमावा लागला. वॉशिंग्टन नॅशनल्सने ३३ वर्षांच्या ब्लेक ब्युटेरा यांना निवडले. १९७२ नंतर इतक्या कमी वयाचा मॅनेजर या लीगमध्ये कुणी नेमला नव्हता. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने तर थेट टेनेसी विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांनाच आणले. या निवडी बरोबर की चूक, हे कळायला वेळ लागेल. पण दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका शोधाचा निकाल आता बऱ्यापैकी हाती आला आहे. चार संघ एकाच माणसाच्या मागे होते. तो मिळाला एकाला आणि गाजले बाकीचे…

मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

क्रिकेटमध्ये गोलंदाजी कुणाला द्यायची, हे कर्णधार मैदानावर ठरवतो. बेसबॉलमध्ये हे काम मॅनेजरचे. तो डगआऊटमध्ये बसतो, पण खेळाडूंसारखाच संघाचा गणवेश घालतो. पिचर थकला की स्वतः चालत मैदानाच्या मध्यावर जातो आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल हा जुगार असतो. हंगामात सामने १६२. म्हणजे सहा महिने जवळपास रोज हाच खेळ.

मात्र संघात कोण असावे, कुणाला विकत घ्यावे, हे मॅनेजर ठरवत नाही. ते त्याच्या वरच्या कार्यालयाचे काम. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ही विभागणी लक्षात ठेवायला हवी, कारण हरल्यावर नोकरी बहुधा आधी जाते ती गणवेशातल्या माणसाची.

२०२३ च्या हिवाळ्यात काय घडले?

क्रेग काउन्सेल हे मिलवॉकीच्या उपनगरात वाढलेले. त्यांचे वडील मिलवॉकी ब्रुअर्स क्लबमध्येच नोकरीला होते. खेळाडू म्हणून काउन्सेल यांनी दोन वर्ल्ड सीरिज जिंकल्या आणि २०१५ पासून ते ब्रुअर्सचे मॅनेजर होते. छोट्या शहराच्या, बेताच्या खर्चाच्या या संघाला त्यांनी सहा वर्षांत पाच वेळा प्लेऑफमध्ये नेले. २०२३ मध्ये संघाने ९२ सामने जिंकले, पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत तो गारद झाला. त्याच सुमारास काउन्सेल यांचा करार संपत होता.

मोकळा झालेला इतका चांगला मॅनेजर सहसा मिळत नाही. न्यूयॉर्क मेट्सने त्यांच्याशी बोलणी केली. तिथले नवे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स हे पूर्वी ब्रुअर्समध्येच काउन्सेल यांचे वरिष्ठ होते. क्लीव्हलंड गार्डियन्सनेही चाचपणी केली. ब्रुअर्सना तर ते हवेच होते. सगळे या तिघांकडे पाहत असताना ६ नोव्हेंबरला बातमी आली ती चौथ्याच गावाहून. काउन्सेल शिकागो कब्जकडे निघाले होते. पाच वर्षे, ४ कोटी डॉलरहून अधिक. तेव्हाच्या दराने साधारण ३३० कोटी रुपये. मॅनेजरच्या पगाराचा तोपर्यंतचा हा विक्रम होता.

गंमत म्हणजे शिकागोत जागा रिकामीच नव्हती. तिथे डेव्हिड रॉस मॅनेजर होते. १०८ वर्षांनी, २०१६ मध्ये कब्जने वर्ल्ड सीरिज जिंकली त्या संघातला हा लाडका खेळाडू. त्यांचा करार अजून शिल्लक होता. क्लबचे प्रमुख जेड हॉयर यांनी काउन्सेल यांच्याशी गुपचूप सोयरीक जमवली आणि मग विमानाने फ्लोरिडाला जाऊन रॉस यांना समोरासमोर सांगितले की तुमची जागा गेली. निदान फोनवर उरकले नाही, एवढेच.

मिलवॉकी ते शिकागो हे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर आणि दोन्ही संघ एकाच गटातले. घरचा माणूस सख्ख्या भाऊबंदांकडे गेल्यावर जे होते तेच झाले. काउन्सेल यांच्या नावाचे मैदान त्यांच्या गावी आहे, त्याच्या फलकावर कुणीतरी शिवी रंगवली. मे २०२४ मध्ये ते पाहुण्या संघासोबत मिलवॉकीत परतले तेव्हा स्टेडियमने त्यांची मनसोक्त हुर्यो उडवली.

बाकीच्यांनी कुणाला नेमले?

ब्रुअर्सनी फार दूर पाहिले नाही. काउन्सेल यांच्या शेजारी २०१६ पासून सहायक म्हणून बसणारे पॅट मर्फी यांना त्यांनी बढती दिली. मर्फी तेव्हा ६५ च्या उंबरठ्यावर होते. नोत्र दाम विद्यापीठात काउन्सेल खेळायचे तेव्हा हेच त्यांचे प्रशिक्षक, म्हणजे शिष्य गेला आणि गुरू आला. मेजर लीगमध्ये मॅनेजर म्हणून त्यांचा अनुभव २०१५ मधल्या सॅन दिएगोच्या ९६ सामन्यांच्या हंगामी कारभाराचा, त्यातही विजयांपेक्षा पराभव जास्त. २०२० मध्ये सरावादरम्यान त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. कागदावर हे ‘स्थळ’ कुणालाही भुरळ घालणारे नव्हते.

मेट्सने यँकीजचे सहायक कार्लोस मेंडोझा यांना घेतले. क्लीव्हलंडने स्टीफन व्होट यांना. व्होट आदल्या वर्षीपर्यंत स्वतः खेळत होते आणि प्रशिक्षणाचा अनुभव एका हंगामाचा. दोघेही या पदावर पहिल्यांदाच बसत होते.

मग निकाल काय लागला?

रॉस यांच्या शेवटच्या हंगामात, २०२३ मध्ये, कब्जने ८३ सामने जिंकले, ७९ हरले आणि एका विजयाने प्लेऑफ हुकला. काउन्सेल यांच्या पहिल्या हंगामात, २०२४ मध्ये, कब्जने ८३ जिंकले आणि ७९ हरले. आकडा तोच, प्लेऑफ पुन्हा नाहीच.

मिलवॉकीने त्या वर्षी आपला सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स हंगामाआधीच बाल्टिमोरला देऊन टाकला होता. तरीही मर्फींच्या संघाने ९३ सामने जिंकून गट जिंकला. पुढच्या वर्षी विली अडामेससारखा खंदा फलंदाज निघून गेल्यावर ९७ जिंकले, लीगमधली सर्वोत्तम कामगिरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेऑफमध्ये समोर आले ते नेमके काउन्सेल यांचे कब्ज. पाच सामन्यांची मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि मिलवॉकीने जिंकली. नंतर डॉजर्सनी मिलवॉकीचा ४-० असा धुव्वा उडवला, हेही सांगायला हवे.

पुरस्कारांचा हिशेब आणखी बोलका आहे. काउन्सेल मिलवॉकीत असताना वर्षातील सर्वोत्तम मॅनेजरच्या मतदानात चार वेळा दुसरे आले, पहिले कधीच नाहीत. मर्फींनी नॅशनल लीगचा तो पुरस्कार २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ जिंकला. अमेरिकन लीगमध्ये त्याच दोन वर्षी तो मिळाला क्लीव्हलंडच्या व्होट यांना. मेंडोझांचे मेट्स २०२३ मधील ७५ विजयांवरून ८९ वर गेले, पण दुसऱ्या वर्षी ८३ वर घसरून प्लेऑफबाहेर राहिले.

मॅनेजरचे मोल मोजता येते का?

बेसबॉलमध्ये सगळे मोजतात. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, पिचरच्या हातून निघताना किती फिरला, सगळ्याची नोंद होते. मॅनेजरला लावायचे माप मात्र सापडत नाही. प्रयोगशाळेत बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलता येते. इथे तोच संघ, तेच सामने दोन मॅनेजरकडून खेळवून पाहता येत नाहीत. म्हणून २०२३ चा हिवाळा लक्षवेधी ठरतो. मिलवॉकीतून एकच मोठा माणूस गेला आणि यंत्रणा जागेवर राहिली. दोन हंगामांत विजय कमी न होता वाढले. त्या यशातला मोठा वाटा वरच्या कार्यालयाचा होता, असा अर्थ यातून काढावा लागतो.

याचा अर्थ काउन्सेल सुमार ठरले, असे नाही. २०२५ मध्ये कब्जने ९२ सामने जिंकले. पण त्याआधी काइल टकरसारखा फलंदाज संघात आला होता आणि पीट क्रो-आर्मस्ट्राँग या तरुणाने ३१ होमरन मारले. कब्जचे दुखणे खेळाडूंच्या फळीत होते. औषध आणले ते डगआऊटसाठी. माझ्या मते रॉस यांची हकालपट्टी त्या चुकीच्या निदानातून झाली.

कब्जच्या बाजूनेही एक हिशेब आहे. मेट्सच्या फ्रान्सिस्को लिंडोरचा करार १० वर्षांचा आणि ३४.१ कोटी डॉलरचा. म्हणजे वर्षाला ३.४१ कोटी. त्यासमोर रोज संघ चालवणाऱ्याला वर्षाला ८० लाख डॉलर ही रक्कम फार नाही आणि काउन्सेल यांच्यानंतर मॅनेजरांचे भाव वाढले, हे बरेच झाले. मार्च २०२५ मध्ये डॉजर्सच्या डेव्ह रॉबर्ट्स यांनी वर्षाला ८१ लाखांचा करार करून तो विक्रम मोडलाही.

आता सॅन फ्रान्सिस्कोत काय?

जायंट्सने १ जुलै २०२५ रोजी मॅनेजर बॉब मेल्विन यांचा २०२६ साठीचा करार पक्का केला. हंगाम ८१ विजय आणि ८१ पराभवांवर संपला आणि लगेच त्यांना काढले. मेल्विन यांचे नामवंत पिचर कमी पडले की फलंदाजी, की आणखी काही, याचा खुलासा व्हिटेलो यांच्या नेमणुकीतून होत नाही. व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रशिक्षणाचा एका दिवसाचाही अनुभव नसताना विद्यापीठातून थेट या खुर्चीत आलेले ते पहिलेच. अडामेस आता त्यांच्या संघात आहेत. मेल्विन यांचे २०२६ चे पैसेही जायंट्सना द्यायचेच आहेत.