दहा दिवस बंद, मग पुन्हा चालू

गेल्या आठवड्यात आमच्या अपार्टमेंटची मीटिंग झाली. विषय उंदरांचा. पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वॉशिंग मशीनचा पाइप तुटला होता. पेस्ट कंट्रोलला वर्षाचे कंत्राट द्यायचे ठरले. त्यांचा माणूस महिन्यातून दोनदा येऊन औषध ठेवून जाणार. १२ घरांपैकी ९ घरे आपल्या समाजाची. कुणीतरी विचारले, "पर्युषण जवळ आलंय, त्याचं काय करायचं?" सेक्रेटरी म्हणाले, "ते दहा दिवस बंद ठेवायला सांगू. अनंत चतुर्दशी झाली की पुन्हा चालू." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. आणि त्या मान डोलावण्याबद्दलच आज लिहायचे आहे. कुणाला राग येईल, तरी पूर्ण वाचा.

आधी शब्दापासून सुरुवात करते. आपण त्याला "औषध" म्हणतो. "उंदराचं औषध आणा." औषधाने माणूस बरा होतो. याने काय होते ते एकदा समजून घ्या. बाजारात जे केक मिळतात त्यात बहुधा ब्रोमाडिओलोन असते. ते खाल्ल्यावर रक्त गोठण्याची शक्ती जाते. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो आणि मग मरतो. काळ्या पुडीचे जे विष पिठात कालवून ठेवतात, ते झिंक फॉस्फाइड. पोटात गेले की त्याचा विषारी वायू होतो. असा मेलेला किंवा अर्धमेला उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्याही पोटात जाते. म्हणजे एका केकने किती जीव जातात याचा हिशेब आपल्यापाशी नाही.

आणि आपण कोण? पावसाळ्यात पीठ ३ दिवसांच्या वर ठेवत नाही, हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. माझी आजेसासू गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी एवढे सोवळे, आणि उंदीर तर पंचेंद्रिय. पाठशाळेत आपण सगळ्या हे शिकलो आहोत. त्याला पाचही इंद्रिये आहेत, मन आहे, पिल्ले आहेत. भीती वाटली की तो पळतो, दुखले की ओरडतो.

"पण आम्ही कुठं मारतो? पेस्ट कंट्रोलवाला मारतो." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की ते आता व्रतांच्या यादीतच घालावे असे वाटते. भगिनींनो, आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागते : कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे, आणि कुणी केलेल्याला बरे झाले म्हणणे. कंत्राटावर सही करणे हे कारित. मीटिंगमध्ये मान डोलावणे ही अनुमोदना. धर्माने ही पळवाट आधीच बंद करून ठेवली आहे. आपण मात्र तिथून रोज ये-जा करतो.

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझी गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी ओट्याखाली उंदीर यायचा. दुकानदाराने चिकट पॅड दिले. "ताई, यात विष नाही. मरत नाही, नुसता चिकटतो." मला ते सोयीचे वाटले. सकाळी पाहिले तर चारही पाय आणि हनुवटी चिकटलेली, जिवंत. सुटायच्या धडपडीत एका बाजूची कातडी निघाली होती. डोळे उघडे. मी णमोकार म्हटला, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हाक मारून म्हणाले, "एवढं बाहेर टाकून द्या."

मावशी वाकल्या, पाहिले, आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला पाप लागू नये म्हणून मी टाकायचं व्हय?"

मी गप्प. मग त्यांनीच माझ्याकडून वाटीभर शेंगतेल मागून घेतले, बोटाने थोडे थोडे सोडत एकेक पाय मोकळा केला आणि त्याला मागच्या भिंतीपाशी ठेवले. तो जगला असेल असे मला वाटत नाही. मावशींच्या घरी रविवारी मटण शिजते. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात अहिंसा कुणी पाळली, हे मला तुम्ही सांगू नका. मला कळले आहे.

ही पॅड आजही आपल्या घरांत आहेत. केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाने त्यांच्या विरोधात राज्यांना लिहिले आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आपल्याला कायदा कशाला लागावा?

त्यानंतर मी शहाणी झाले असे वाटून प्लास्टिकचा पिंजरा मागवला. हिरवा, छान, आत शिरला की दार पडते. जाहिरातीत चक्क "अहिंसक" लिहिले होते. आमच्याकडे कांदा येत नाही, म्हणून हॉटेलातून कांदाभजी आणून आत ठेवली. स्वतः खात नाही ते उंदरासाठी विकत आणले, यावर तेव्हा मला हसूही आले नाही. रात्री दार पडल्याचा आवाज आला. मी समाधानाने झोपले. सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्याला रुपयाएवढे भोक, भोवती हिरव्या प्लास्टिकचा चुरा, भजी फस्त, उंदीर पसार.

घरातले सगळे हसले. माझे डोके मात्र त्या चुऱ्यात अडकले. तो रात्रभर कुरतडत होता. मी दार पडल्याचे ऐकून कूस बदलली, तेव्हा तो आत जिवाच्या आकांताने भिंत पोखरत होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अंग कापणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. पॅडने मी बंध आणि छेद दोन्ही केले होते. पिंजऱ्यात उंदीर रात्रभर कोंडून ठेवणे हा बंध. आणि सकाळी ऑफिसच्या गडबडीत तो पिंजरा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, तर अन्नपाननिरोध. "आम्ही मारत नाही, पकडून लांब सोडतो" म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्या. लांबच्या अनोळखी माळावर सोडलेल्या उंदराला ना बीळ माहीत, ना वाट. पुष्कळदा तो जगत नाही. आणि ती आई असेल, तर इकडे माळ्यावर तिची पिल्ले उपाशी मरतात. आपल्याला दिसत नाही, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, मग काय उंदरांना घरात नांदू द्यायचे? नाही. मी तसे म्हणत नाही आणि धर्मही म्हणत नाही. उंदराच्या मूत्राने लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात माणसे दगावतात. वायर कुरतडली तर आग लागू शकते. मुलांच्या घरात उंदीर नकोच. काहीजणी विरोधी हिंसेचे नाव पुढे करतात. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे, स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. बरोबर आहे. पण दार सताड उघडे ठेवायचे, आत ताट वाढून ठेवायचे, आणि पाहुणा आला की विष घालायचे, याला रक्षण म्हणत नाहीत. दर महिन्याला तारीख ठरवून, पैसे मोजून ठेवलेले विष संकल्पी नाही तर काय?

उंदीर का येतो ते पाहू. माझ्या सासूबाईंच्या काळी ज्वारी पत्र्याच्या कोठीत, डाळी पितळी डब्यांत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कोठी जुनाट दिसते म्हणून भंगारवाल्याला दिली आणि रंगीत प्लास्टिकची पिंपे आणली. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर त्याला खाता येणार नाही. प्लास्टिक, लाकूड, रबर, पातळ अ‍ॅल्युमिनियम, सगळे त्या दातांपुढे मऊ. आत ज्वारीचा वास, भोवती प्लास्टिक. त्याने तेच केले जे त्याचा जन्म त्याला करायला लावतो. मी माझ्या हौसेने ते भोक आधीच पाडून ठेवले होते.

मग मी घरभर फिरले. मोरीची जाळी प्लास्टिकची, एका बाजूने खाल्लेली. खिडकीची जाळी नायलॉनची, कोपऱ्यात फाटलेली. सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे बोटभर फट. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण १२. रात्री सिंकमध्ये खरकटी भांडी, ओट्याखाली उघडी कचऱ्याची बादली. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, पण उंदराच्या रात्रीच्या जेवणाची सोय माझ्या घरी रोज होती.

पुढचे काम एका रविवारात आणि पेस्ट कंट्रोलच्या वर्षाच्या पैशांहून कमी खर्चात झाले. मोरीला स्टीलची जाळी. खिडकीला बारीक छिद्रांची तारेची जाळी. धान्य पुन्हा पत्र्याच्या आणि स्टीलच्या डब्यांत, घट्ट झाकणाच्या. पाइपाभोवतीच्या फटीत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. सासूबाई बिळात काचा भरायच्या, मी काच घातली नाही. आणि बुजवण्याआधी एक गोष्ट न विसरता करा : फटीत कागदाचा बोळा ठेवा. दोन-तीन दिवस तो जागचा हलला नाही तरच बुजवा. नाहीतर आत कुणी जिवंत गाडले जाईल. आपली समिती म्हणजे हेच, उचलताना, ठेवताना, बुजवताना आधी पाहणे. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ओल्या करून मग हातमोजे घालून पुसा. रात्री भांडी घासून, ओटा पुसून, कचरा झाकून झोपायचे.

एक उंदीर तरी आत राहिलाच होता. त्याच्यासाठी शेजारच्या आक्कांचा जुना लोखंडी पिंजरा आणला. आत दाणे आणि काकडीची फोड, म्हणजे पाण्याचीही सोय. मी जागी असेन तेव्हाच लावायचा आणि तासाभराने पाहायचे. तिसऱ्या दिवशी सापडला. अंधार पडल्यावर कंपाउंडच्या मागे, त्याच्या ओळखीच्या गटारापाशीच सोडला. परत यायला वाट बुजलेली होती. तेव्हापासून माझ्या घरात लेंडी दिसलेली नाही.

हे सगळे कष्टाचे आहे, मान्य. विष ठेवायला दोन मिनिटे लागतात. पण अहिंसा कष्टाची नाही असे आपल्याला सांगितले कुणी? ती दुकानात हिरव्या पिंजऱ्याच्या रूपात मिळत नाही, आणि पगार देऊन दुसऱ्याच्या गळ्यातही घालता येत नाही. ती जाळी बसवण्यात आहे, ओटा पुसण्यात आहे, विष ठेवायची वेळच येऊ नये अशी आधी काळजी घेण्यात आहे. बायकांनीच का, असे कुणी विचारले तर मीही विचारेन. मीटिंगमध्ये मान डोलावणारे पुरुषही होते. सिमेंट त्यांनीही कालवावे.

माझी मान मी परत घेतली आहे. सेक्रेटरींना लेखी दिले आहे : कंत्राटाला माझी संमती धरू नये. त्याच पैशांत पार्किंगमधल्या ड्रेनेजवर लोखंडी जाळ्या, पाइपांच्या फटी बंद, आणि कचऱ्याचे प्लास्टिक ड्रम काढून झाकणाचे पत्र्याचे. काकूंची आणि आक्कांची सही मिळाली आहे. बाकीच्या अजून विचार करताहेत.

तुमच्याही इमारतीत, तुमच्या मंदिराच्या भोजनशाळेच्या कोठारातही एकदा डोकावून या. कोपऱ्यात काय ठेवले आहे ते पाहा आणि विचारा.

अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणी येते. त्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागणार, आणि ठरल्याप्रमाणे त्याच आठवड्यात तो माणूस पिशवी घेऊन पुन्हा येणार. ज्याची क्षमा मागितली त्याच्यासाठीच. यंदा निदान माझ्या तोंडून ती क्षमा खोटी निघू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

लिहिताना कुणाचे मन दुखावले असेल तर मनापासून क्षमा मागते. मत मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.