परवानगी कशाची मिळाली?

रत्नागिरीच्या मिरजोळ्याच्या धावपट्टीवर आज तटरक्षक दलाची वर्दळ असते. प्रवासी टर्मिनलचे काम सुरू झाल्यापासून मुंबईचे विमान कधी सुटणार, हा प्रश्न शहरात रोज विचारला जातो. तिकिटाच्या दरावर, वेळापत्रकावर, पर्यटनावर भरपूर लिहून येते. ते विमान सुटेल त्या दिवशी टॉवर आणि कॉकपिट यांच्यात काय बोलणे होईल, यावर कोणी बोलत नाही. ते आपणच बोलायचे, कारण या मासिकाचा वाचक रेडिओच्या एका टोकाला असतो किंवा दुसऱ्या.

उड्डाणापूर्वी वैमानिकाला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली मार्गाची परवानगी: कुठे जायचे, कोणत्या मार्गाने, सुरुवातीला किती उंचीपर्यंत, ट्रान्सपाँडरवर कोणता कोड. दुसरी प्रत्यक्ष टेकऑफची. मुंबईसारख्या विमानतळावर पहिली परवानगी विमान जागेवर उभे असतानाच मिळते. ती कागदावर उतरते, वाचून दाखवली जाते, दोघे वैमानिक ती ताडून पाहतात. दुसरी धावपट्टीच्या तोंडाशी मिळते. या दोन्हींमध्ये वेळही असतो आणि अंतरही.

लहान विमानतळावर हे अंतर आक्रसते. कोकणचे आकाश मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रात येते, त्यामुळे टॉवरला मार्गाची परवानगी फोनवर मुंबईकडून घ्यावी लागते. तिकडून उत्तर यायला वेळ लागतो. तोवर इंजिने सुरू झालेली असतात, विमान निघालेले असते. समांतर टॅक्सीवे नसेल तर ते धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकापर्यंत जाते आणि तिथे वळते. नेमक्या त्या वळणावर मुंबईचे उत्तर येते आणि कंट्रोलर ते वाचू लागतो. कॉकपिटमध्ये चेकलिस्ट चाललेली असते, नाक धावपट्टीच्या रेषेवर येत असते, आणि कानावर पडणाऱ्या वाक्याची सुरुवात ‘क्लिअर्ड’ने होते. आपल्या व्यवसायातली सगळ्यात मोठी दुर्घटना अशाच क्षणी घडली.

२७ मार्च १९७७. टेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळावर बाँबच्या घटनेमुळे शेजारच्या बेटावरून वळवलेली विमाने दाटीवाटीने उभी होती. टॅक्सीवे अडले होते, म्हणून केएलएम आणि पॅन अॅम या दोघांची बोइंग ७४७ धावपट्टीवरूनच चालत होती, आणि त्यात धुके उतरले. केएलएमचे विमान टोकाला जाऊन वळले. सहवैमानिकाने टॉवरला दोन गोष्टी एकदमच कळवल्या: आम्ही टेकऑफसाठी तयार आहोत आणि मार्गाच्या परवानगीची वाट पाहतो आहोत. टॉवरने मार्गाची परवानगी दिली. कुठे वळायचे ते सांगताना त्या वाक्यात ‘टेकऑफनंतर’ हे शब्द आले. सहवैमानिक ती परवानगी वाचून दाखवत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले होते. वाचन संपवताना सहवैमानिक म्हणाला, आम्ही आता टेकऑफला आहोत. टॉवरला वाटले, विमान टेकऑफच्या जागेवर उभे आहे. तो ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग म्हणाला, थांबा, मी सांगतो. त्याच वेळी पॅन अॅमचे वैमानिक सांगत होते की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या दोन वाक्यांच्या जागी प्रामुख्याने एक शिट्टी ऐकू आली. ५८३ माणसे गेली.

या अपघाताच्या चौकशीतून आपले आजचे नियम घडले. टेकऑफ हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाण्याची, ती ओलांडण्याची, तिच्याआधी थांबण्याची सूचना, उंची, कोड हे सारे वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायचे आणि कंट्रोलरने ते ऐकून तपासायचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची रेडिओ संभाषणाची पुस्तिका एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते: वैमानिक लाइन-अप किंवा टेकऑफ करत असताना मार्गाची परवानगी कधीही वाचू नये, आणि मार्गाची परवानगी म्हणजे धावपट्टीवर जाण्याची परवानगी नव्हे. हे प्रत्येकाने परवान्याच्या परीक्षेसाठी पाठ केलेले असते.

तरीही ३० डिसेंबर २०२१ रोजी राजकोटहून दिल्लीला जाणारे एक प्रवासी विमान टेकऑफच्या परवानगीविना उडाले. २०२४ च्या जानेवारीत दिल्लीहून बाकूला निघालेल्या विमानाबाबत तेच घडले. दोन्ही वेळा वैमानिकांना ड्युटीवरून उतरवले गेले आणि चौकशी लागली. या दोन प्रकरणांची कारणे इथे बसून ठरवण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र प्रत्येक वैमानिक ओळखतो की टोकावर उभे असताना कानाला एकच वाक्य हवे असते, आणि त्याच्या जवळपासचे काहीही ऐकू आले तरी मन ते तेच आहे असे मानून घेते.

म्हणून पाठ असलेला नियम पुरत नाही. रीडबॅक घाईत होतो, अर्धा होतो, कॉल साइन गाळून होतो, कधी नुसत्या ‘रॉजर’वर उरकतो. टॉवरमध्ये तो चालू असतानाच कंट्रोलरचा हात दुसऱ्या फोनकडे गेलेला असतो. चुकीचे वाचन कोणी दुरुस्त केले नाही की ते बरोबरच आहे असे वैमानिक धरून चालतो. त्याचे तसे धरून चालणे वाजवीही आहे, कारण सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. मला यातली दुसरी बाजू जास्त सतावते. रीडबॅकवर प्रशिक्षणात तास खर्च होतात. तो लक्ष देऊन ऐकण्याचे शिक्षण मात्र कंट्रोलरला बहुधा अनुभवावर सोडून दिले जाते.

रत्नागिरीत यात आणखी एक पदर येईल. लोहगावची धावपट्टी हवाई दलाकडे, दाबोळीची नौदलाकडे, तशी इथली तटरक्षक दलाकडे. दोन वेगळ्या शिस्तीत वाढलेली माणसे एकाच डांबरावर काम करतील. मुंबईत ९ फेब्रुवारी २००९ रोजी दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टी २७ वर वेग घेत असताना राष्ट्रपतींच्या ताफ्यातले हवाई दलाचे हेलिकॉप्टर वाटेत आले. वैमानिकाने टेकऑफ सोडून ब्रेक लावले म्हणून निभावले. पुण्यात १५ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाच्या ए३२१ ला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने वेळेआधी नाक उचलले, शेपटीकडचा भाग घासला, विमान दिल्लीला सुखरूप पोचले. दोन्ही ठिकाणी विमान वाचले ते वैमानिकाच्या डोळ्यांमुळे. पावसाळ्यातल्या रत्नागिरीत त्या डोळ्यांवर किती विसंबायचे? आषाढातली सर धावपट्टीवर उतरली की समोरचे टोक पाहता पाहता नाहीसे होते.

शिवाय सेनादलांची विमाने पुष्कळदा यूएचएफवर बोलतात आणि नागरी विमाने व्हीएचएफवर. कंट्रोलर दोघांना ऐकतो, ते दोघे एकमेकांना ऐकत नाहीत. शेजारच्या विमानाला मिळालेली सूचना कानावर पडल्यामुळे सावध झालेले वैमानिक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ती सोय रत्नागिरीत पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. प्रवासी विमान हलू लागल्यापासून हद्दीबाहेर जाईपर्यंत तटरक्षक दलाच्या विमानांनी आणि धावपट्टीवरच्या वाहनांनीही त्याच व्हीएचएफ वारंवारितेवर बोलावे.

टॉवरच्या डोळ्यांचे मोल मोपाने दाखवले आहे. ५ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादला निघालेल्या विमानाने तिथे धावपट्टीऐवजी समांतर टॅक्सीवेवर वेग घ्यायला सुरुवात केली आणि टॉवरने ते थांबवले. परवानगी देऊन झाल्यावरही कंट्रोलरची नजर विमानावरच होती.

आता एक अवघड गोष्ट. टेनेरिफला केएलएमचे कॅप्टन कंपनीतले अत्यंत मानाचे प्रशिक्षक होते. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारले की पॅन अॅम बाजूला झाले नाही का? कॅप्टनने ठामपणे झाल्याचे सांगितले आणि विषय तिथे संपला. आपल्याकडे ‘सर’ म्हणण्याची सवय खोल आहे. बारामतीहून किंवा गोंदियाहून शिकून आलेली मुले ज्येष्ठ कॅप्टनशेजारी बसतात तेव्हा क्लिअरन्सचा एखादा आकडा निसटला तरी कॅप्टनने ऐकला असेल असे समजून गप्प राहतात. समोर टॉवरमध्ये गणवेशातला, हुद्द्याचा अधिकारी असेल तर ‘से अगेन’ म्हणताना जीभ आणखी जड होते. या मुलांना माझे कळकळीचे सांगणे आहे: विचारा. दोनदा विचारा. आणि ज्येष्ठांना विनंती आहे की विचारणाऱ्याला त्रासिक स्वरात उत्तर देऊ नका. तो एक स्वर पुढच्या दहा शंका गिळायला लावतो.

नागरी सेवा सुरू होण्याआधी तटरक्षक दल, मुंबईचे नियंत्रण केंद्र आणि विमान कंपनी यांच्यात कार्यपद्धतीचा लेखी करार व्हावाच लागेल. त्यात मार्गाच्या परवानगीची जागा ठरवून टाकावी: विमान ॲप्रनवर उभे असताना. मुंबईचे उत्तर उशिरा आले तर विमान तिथेच थांबेल. प्रवाशांची दहा मिनिटे गेली तरी चालतील. निघाल्यावर परवानगी बदलावी लागली तर संदेशाची सुरुवात ‘होल्ड पोझिशन’ने व्हावी. ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या तोंडाशी आलेल्या विमानाला डिपार्चरची कोणतीही सूचना देताना आधी थांबायला सांगण्याची पद्धत आहे. आपण ती जशीच्या तशी उचलावी. विमान धावपट्टीवर उलट चालत असेल तर वळून पूर्ण उभे राहिल्याचे वैमानिकाने कळवेपर्यंत टॉवरने गप्प राहावे. मुंबईकडून येणारी ‘रिलीज’ ही टॉवरसाठी असते. तो शब्द वैमानिकाच्या कानावर पडूच नये.

रेडिओ संभाषणाचे ध्वनिमुद्रण किमान ३० दिवस जपून ठेवावे लागते. बहुतेक ठिकाणी ते अपघात किंवा तक्रार झाली तरच ऐकले जाते, नाहीतर पुसले जाते. रत्नागिरीत ते पुसण्याआधी दर महिन्याला एक दुपार राखून ठेवावी. तटरक्षक दलाचे कंट्रोलर, कंपनीचे वैमानिक आणि मुंबईहून एखादा प्रतिनिधी यांनी एकत्र बसून ते ऐकावे. कोणाचे नाव नोंदवू नये, कोणावर कारवाई होणार नाही असे आधीच लेखी द्यावे, आणि फक्त रीडबॅक कुठे अर्धा राहिला, तो कोणी दुरुस्त केला, कोणी केला नाही, एवढेच पाहावे. चिपी, दाबोळी आणि लोहगाव इथे काम केलेल्या वाचकांनी आपापल्या ठिकाणचा अनुभव या महिनाअखेरपर्यंत लिहून पाठवावा. नाव न छापण्याची जबाबदारी आमची. ती पत्रे पुढच्या अंकात येतील आणि कराराचा मसुदा करणाऱ्यांच्या हातात हा अंक आम्ही स्वतः नेऊन देऊ.