जिन, फर्लांग आणि परवा

तुमच्या गावाजवळ कापसाचं जिन आहे का? यवतमाळ जिल्ह्यात हे विचारायचीही गरज नाही म्हणा. वणी, पांढरकवडा, राळेगाव, कुठंही जा, दिवाळीनंतर जिनासमोर कापसाच्या गाड्यांची रांग दिसतेच. आता वर्गात विचारून पाहा, ‘जिन’ हा शब्द कुठला? मुलं म्हणतील, आपलाच! तर हा आहे जुना इंग्रजी शब्द. ‘एंजिन’चं डोकं उडालं आणि मागे ‘जिन’ राहिलं. एंजिन म्हणजे आधी अंगची हुशारी, मग हुशारीनं काढलेली युक्ती आणि शेवटी यंत्र. 1793 मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं, ते कॉटन जिन. म्हणजे ज्या मुलाला इंग्रजीच्या तासाला घाम फुटतो, त्याचा आजा जन्मभर एक जुना इंग्रजी शब्द बिनधास्त वापरत आलाय.

इंग्रजीची भीती जाण्यासाठी मला या वाटेइतकी सोपी वाट दुसरी दिसत नाही. आपण काय करतो? फळ्यावर दहा शब्द, समोर दहा अर्थ, उद्या पाठ करून या. शब्द म्हणजे जणू रेशनचं धान्य, मोजून द्यायचं. त्यात गंमत कुठून येणार?

‘फर्लांग’ घ्या. जुनी माणसं अजून म्हणतात, “फाटा इथून दोन फर्लांग.” या शब्दाचा मूळ अर्थ आहे नांगराच्या एका तासाची लांबी. ‘फरो’ म्हणजे तास, त्याला ‘लाँग’ जोडलं. पुढं हे माप 220 यार्डांवर, म्हणजे साधारण 201 मीटरवर पक्कं झालं. आणि एकर? बैलजोडीनं एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन. लांबी एक फर्लांग, रुंदी 22 यार्ड, झाला एकर! संस्कृतातल्या ‘अज्र’ या शेतवाचक शब्दाशी त्याचं नातं आहे. सातबारा बघत वाढलेल्या पोराला हे सांगा आणि त्याचा चेहरा पाहा. गणिताचा तासही फुकटात होऊन जातो.

उलटी वाटही आहे. रुईचा भाव खंडीवर निघतो, खंडी साधारण 356 किलोची. इंग्रज व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि ‘कँडी’ केला. कापूस बाजारात आजही तो चालतो. मुंगसाचं ‘मंगूस’ही मराठीतूनच गेलं. आपण नुसते घेणारे नाही, देणारेही आहोत, हे वऱ्हाडी बोलायला लाजणाऱ्या मुलांना कळायलाच पाहिजे.

मला सगळ्यात आवडतो तो ‘आफ्टरमॅथ’. वर्तमानपत्रात युद्ध, पूर, दंगल यांच्या नंतरच्या अवस्थेला हा शब्द येतो. त्यातला ‘मॅथ’ गणिताचा नाही, कापणीचा. गवत एकदा कापल्यावर पुन्हा फुटून येतं, ते आफ्टरमॅथ. आपल्याकडं मराठी अर्थ काय लिहून देतात? ‘परिणाम’. मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. त्याऐवजी “कापसाच्या फरदडीसारखं” असं म्हणून बघा. (बोंडअळीमुळं फरदड घेऊ नका असं कृषी खातं सांगतं, पण शब्दाची फरदड घ्यायला हरकत नाही.)

आणि ‘ओव्हरमॉरो’! येणाऱ्या परवासाठी इंग्रजीत एकेकाळी हा सुटसुटीत शब्द होता. तो मेला आणि आता बिचाऱ्यांना ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असं लांबण लावावं लागतं. आपली परवा ठणठणीत आहे. तसंच ‘दाऊ’ गेला आणि इंग्रजीत तू-तुम्हीचा भेदच मिटला. भाषा शब्द हरवूनही बसते, हे पाठ्यपुस्तकात न सांगता समजतं.

काही पालक म्हणतील, “सर, परीक्षेत हे येत नाही, स्पोकन इंग्लिश घ्या.” घ्याच, मीही घेतो. पण बोलायला तोंड उघडावं लागतं आणि परक्या वाटणाऱ्या भाषेत मूल तोंड उघडत नाही. आठवड्याला एक शब्द, पाच मिनिटं. एवढ्यानं अभ्यासक्रम मागं पडत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. मोबाईलवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या वर्गात नेऊ नका. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, ही शुद्ध थाप आहे. तो ‘न्यू’चाच विस्तार, नव्या गोष्टी. आधी चांगला शब्दकोश उघडा, मुलांसमोरच उघडा.

या शनिवारी मुलांना घरी एवढंच विचारून यायला सांगा: आजी-आजोबा बोलताना कोणते इंग्रजी शब्द वापरतात? ‘गिन्नी’ येईल, ‘पलटण’ येईल, ‘लालटेण’ येईल. पलटणीपासून सुरुवात करा, ‘प्लॅटून’ लगेच सापडेल.