मुलांना कसले आले ब्लडप्रेशर?

"डॉक्टर, शाळेत जायची वेळ झाली की हिचे डोके दुखते!" आठ वर्षांच्या लेकीला पुढे करीत आई म्हणाली. चष्मा झाला होता, जंताचे औषध झाले होते. मीही दोनदा डोकेदुखीच्या गोळ्या देऊन बोळवण केली होती. तिसऱ्या खेपेस ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे मी तिच्या दंडाला लहान मापाचा पट्टा बांधला. वरचा आकडा १६० ! पुन्हा पुन्हा पाहिले, तरी तोच.

"एवढ्याशा पोरीला कसले ब्लडप्रेशर?" आजींनी विचारले.

मोठ्यांच्या रक्तदाबाला बहुधा एक असे कारण सापडत नाही. लहान मुलांत मात्र ते शोधावेच लागते, आणि पुष्कळदा ते मूत्रपिंडाशी सापडते. हिच्या डाव्या मनगटाची नाडी क्षीण लागत होती. बेंबीच्या वर नळी टेकवली, तर फुंकर घातल्यासारखा आवाज. सीटी अँजिओग्राफीत उजव्या मूत्रपिंडाची रोहिणी चिंचोळी दिसली.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्याचा नळ गाळाने भरतो. तो 'पाणी नाही, पंप सोडा' म्हणून ओरडतो, आणि ताण पडतो साऱ्या चाळीच्या नळांवर. मूत्रपिंडाचे तसेच. रक्त कमी मिळाले की ते रेनिन सोडते आणि साऱ्या देहाचा दाब चढतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून हे दाखवून दिले.

रोहिणी अरुंद होण्याची कारणे अनेक. आपल्या देशातल्या मुलांत ताकायासूचा विकार, म्हणजे मोठ्या रोहिण्यांना येणारी सूज, हे प्रमुख. १९०८ साली जपानच्या मिकितो ताकायासू या नेत्रवैद्यांनी त्याची डोळ्यांतील लक्षणे प्रथम नोंदवली.

हिलाही तेच होते. मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञांनी आधी सूज शमवली, गोळ्यांनी दाब उतरवला. मग जांघेतून बारीक नळी नेऊन फुग्याने रोहिणी रुंद केली. आज ती एका गोळीवर आहे. रोहिणी पुन्हा आखडू शकते, म्हणून तपासणी चालूच राहील.

एक सांगतो. आजोबांच्या डब्यातली गोळी नातवाला कधी देऊ नका. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या अरुंद असतील, तर रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाचे कामच मंदावतात.

आणि मूल तीन वर्षांचे झाले की वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजून घ्या. डॉक्टर विसरले, तर आठवण करा. मीही दोनदा विसरलो होतो.

परवा ती फराळाचे ताट घेऊन आली. "चकलीत मीठ कमी आहे हं," तिने मला बजावले. दोन खाल्ल्या, छान होत्या.